दाखवायचे पैसे

माझी कमाई शून्य आहे, हे मला इंग्लंडच्या सरकारमुळे कळलं. तोवर मी समजत होतो की सौंसरला बसस्टँडच्या अलीकडे माझं कृषी केंद्र आहे, तिथं मी बियाणं, खतं अन् फवारणीची औषधं विकतो आणि त्यावर आमचं घर चालतं. रामाकोन्याकडे वडिलांचा संत्र्याचा बगीचा आहे, अशीही माझी समजूत होती. तिकडच्या नियमात यातलं काहीच बसत नव्हतं.

प्रकरण तसं साधं होतं. माझी बायको इंग्लंडमध्ये राहते. ती पांढुर्ण्याची. नागपूरला नर्सिंग शिकली, तिकडे गेली, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला लागली, आणि बरीच वर्षं सांभाळल्यावर तिथल्या सरकारनं तिला कायमचं राहायची परवानगी दिली. आमचं लग्न रीतसर, पाहून-सवरून, पत्रिका जुळवून झालं. लग्नानंतर तिनं मला बोलवून घ्यायचं, मी जायचं आणि दुकान वडिलांनी पाहायचं, असं ठरलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता फक्त तिकीट काढायचं राहिलं.

आमच्या भागात घराची कमाई किती हे कोण विचारतंय त्यावर ठरतं. सोयरीक घेऊन कोणी आलं की ती फुगते. तहसिलात गेली की आक्रसते, कारण पोरांची शिष्यवृत्ती असते, रेशन असतं. आयकरवाल्यांनी विचारलं तर ती सगळीच्या सगळी शेतीची निघते, कारण शेतीवर कर नाही. यात कोणी खोटं बोलतो असं आम्ही मानत नाही. पाहुणा पाहून ताट वाढावं, तशी कमाई सांगतात.

माझ्या लग्नाच्या बोलण्याला सासरे पांढुर्ण्याहून आले होते. निवृत्त हेडमास्तर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, 'पोराची आवक कशी काय?' माझ्या वडिलांनी दुकानाचा गल्ला, बगीच्याचे दोन्ही बहार आणि घरावर ज्या खोल्या अजून बांधायच्या होत्या त्यांचं भाडं, असं सगळं जोडून आकडा सांगितला. मी मान खाली घालून बसलो. लाजून नाही, हसू येऊन राहिलं होतं म्हणून. सासऱ्यांनीही बरोबरी साधली. पोरीचा पगार त्यांनी पौंडांचे रुपये करून सांगितला आणि तिथलं घरभाडं, हिटरचं बिल, बसचं तिकीट सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. आतल्या खोलीत माझ्या आत्यानं तोंडाला पदर लावला. दोन्ही बाजू एकमेकांच्या आकड्यांवर खूश होऊन उठल्या.

लग्न झालं, ती सुट्टी संपवून परत गेली आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं मला नियम समजावून सांगितला. नवऱ्याला तिकडे न्यायचं तर बायकोचा वर्षाचा पगार एका ठरावीक आकड्याच्या वर पाहिजे. आमची सोयरीक जुळली तेव्हा तो आकडा तिच्या पगाराच्या खाली होता. हळद लागेपर्यंत तिथल्या सरकारनं तो उचलून पार माळ्यावर ठेवला होता. तिचा पगार आता पुरत नव्हता.

'मंग माझी कमाई मिळवून टाक ना त्यात,' मी म्हटलं.

'तुमची धरत नाई.'

'अर्धी?'

'काहीच नाई. तुमी तिथं काय कमावता, याचं यायले काही घेणंदेणं नाई.'

'अन् बगीचा?'

'बगीचा घेऊन येणार हाय का तुमी संगं?'

ज्या माणसाच्या कमाईवर दोन घरांची बोलणी झाली, साखरपुडा झाला, चारशे माणसं जेवून गेली, तो माणूस तिकडच्या हिशेबात एक खाणारं तोंड होता. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. तेव्हा हसण्यासारखं होतं, म्हणून मीही हसलो.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. 'म्हंजे पोट्टीच्या पगारावर पोट्टा चालला?'

'चालला कुठं, अडून राहिला,' मी म्हटलं.

मग त्यांचं असं मत पडलं की इंग्रजांना नीट कागद दाखवलेला दिसत नाही. शिक्क्याचा कागद पाहिला की कोणीही मानतो. दुसऱ्याच दिवशी ते मला तहसिलाकडे घेऊन गेले. बाहेर छत्रीखाली उत्पन्नाच्या दाखल्याचे वगैरे अर्ज भरून देणारा एकजण बसतो. वडील स्टुलावर बसले आणि म्हणाले, 'आय प्रमाणपत्र काढाचं हाय.'

'किती कमी दाखवाची, काकाजी?' त्यानं मान वर न करता विचारलं.

'जास्त दाखवाची हाय.'

त्यानं पेन खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलवाल्याला हाक मारली. त्या जागेवर बसून त्याचे केस पांढरे झाले होते, पण असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदा भेटलं होतं. 'काकाजी, तब्येत बरी हाय ना?' त्यानं खरंच काळजीनं विचारलं. मग वडिलांनी पिशवीतून जुनं प्रमाणपत्र काढलं. माझ्या बहिणीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं. त्यावर आमच्या घराची वर्षाची जी कमाई लिहिली होती, तेवढ्यात आमचा नुसता चहा भागला नसता. त्या माणसानं हा आकडा अन् वडिलांनी सांगितलेला नवा, असे दोन्ही पाहिले आणि कागद परत वडिलांच्या हातात दिला. 'एवढी उडी मी लिहिली ना, तं साहेब मलेच आत बोलावतीन,' तो म्हणाला. वडिलांनी त्याला चहाचे पैसे दिले आणि आम्ही परत आलो. रस्त्यात ते म्हणाले, सरकारी लोकांना चांगलं झालेलं पाहवत नाही.

बायकोनं दुसरा रस्ता काढला. पगार जेवढा कमी पडतो, त्याच्या काही पट रक्कम बँकेत दाखवली तर चालतं. तिच्या नावावर नाहीतर माझ्या नावावर. पण ती रक्कम सलग सहा महिने तिथंच पाहिजे. मध्ये एक दिवसही खाली आली की मोजणी परत पहिल्यापासून.

'नुसते ठेवाचे?' वडिलांनी विचारलं.

'नुसते.'

'कोणाले व्याजानं?'

'नाही बाबा. नुसते पडून.'

आमच्या खानदानात पैसा असा कधी कोणी ठेवला नव्हता. आमच्याकडे पैसा फिरता असतो. कापसाचा आला की खताच्या कंपनीकडे जातो, संत्र्याचा आला की कोणाच्या तरी पोरीच्या लग्नात जातो, तिथून आहेर होऊन परत येतो, मग कोणी दवाखान्यात असतं. पैसा खात्यात पडून आहे म्हणजे घरात भांडण आहे किंवा कोणी मेलं आहे, असा लोकांचा समज. पण वडील तयार झाले. पोराला बायको नेते की नाही, हा प्रश्न आता अख्ख्या गल्लीत पोचला होता आणि त्याचं उत्तर 'नाही' असणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पांढुर्ण्याला त्यांच्या नावावर एक प्लॉट होता. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथल्या सगळ्या प्लॉटवाल्यांची चाल बदलली आहे, तशी वडिलांचीही बदलली होती. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं प्लॉट पाहिला, भाव ठरला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न केला, 'एकात किती अन् दोनात किती?' म्हणजे चेकनं किती आणि पिशवीतून किती.

'सगळे एकात,' वडील म्हणाले.

व्यापारी वडिलांकडे पाहतच राहिला. 'तुमच्यावर छापा-बिपा पडून राहिला का?' त्याला पोराच्या व्हिसाचं सांगितलं, तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी तो म्हणाला, सगळं खरं लिहायचं असेल तर मला स्टँपही खरा भरावा लागेल, मग भाव खाली येईल. आणि भाव खाली आला. आमच्या घरात खरं लिहायची ती पहिलीच वेळ, आणि त्याचाही दंड भरावा लागला. ते पैसे आणि बायकोनं तिकडून पाठवलेली तिची शिल्लक, असं सगळं माझ्या सेव्हिंग खात्यात जमा झालं आणि सहा महिने सुरू झाले.

बाप्पा, काय ते सहा महिने. बँकेतल्या साहेबांना माझ्याबद्दल एकाएकी प्रेम वाटायला लागलं. 'सर, एवढी रक्कम सेव्हिंगमध्ये कायले ठेवून राहिले?' असा त्यांचा दर आठवड्याला फोन. विमा घ्या, एफडी करा, आईच्या नावानं काही करा. मोबाइलवर बँकेचे मेसेजही इतके, की मी ते उघडणंच सोडलं. मी नाही म्हटलं की त्यांचा आवाज असा पडायचा की मलाच वाईट वाटायचं. नातेवाईक तर बोलून-चालून आपलेच. आत्याचे यजमान दुकानात येऊन खताच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, 'पडूनच हायेत ना? मंग त्यायले घरात थंडी वाजून राहिली काय? दोन महिन्यासाठी दे इकडे.' त्यांना ट्रॅक्टर घ्यायचा होता. एका मावसभावाला बोअर मारायची होती. एक दूरचे काका लोधीखेड्याहून मुद्दाम मोटारसायकलवर आले, कारण त्यांना कोणीतरी सांगितलं की मी पैसे वाटून राहिलो. मी सगळ्यांना नाही म्हटलं. 'लंडनले जाऊन राहिला तं डोकं फिरलं याचं,' असं माझ्याबद्दल बोललं जाऊ लागलं. जाणं तर दूरच, मी सौंसरातच पोत्यांमध्ये बसून होतो.

त्यात पोळ्याच्या सुमारास बायको पंधरा दिवसांसाठी आली आणि परत गेल्यावर महिन्याभरात तिनं सांगितलं, आपल्याकडे कोणीतरी येऊन राहिलं. आईनं देवाजवळ साखर ठेवली. मी बोटांवर मोजलं. सहा महिने भरतील, लगेच अर्ज जाईल, दोन-तीन महिन्यांत उत्तर येईल, आणि बाळंतपणाच्या आधी मी तिथं पोचेन. तिनंही तसंच मोजून ठेवलं होतं.

तिच्या आईला पाठवायचा विचार झाला होता. पण सासूबाईंची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, आणि त्या स्वतः म्हणायच्या की दोन्ही चुकीच्या, त्या तर पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, झाल्या. त्यांचा पासपोर्ट निघता निघेना. म्हणजे जाणारा मी एकटाच.

एका रात्रपाळीहून आल्यावर तिनं मला फोनवर स्पष्ट सांगितलं. 'मले बाकी काही नको. दवाखान्यात जाताना संगं आपलं कोणी पाहिजे. मी ज्या म्हाताऱ्यायले सांभाळतो ना, त्यायच्या हाताले मीच धरून बसतो, कारण घरचं कोणी येत नाई. पगार घेऊन धरतो तो हात. माझा हात कोणी पगार घेऊन धरला, तं मले चालणार नाई.' ती मजेत बोलणारी बाई आहे, असं सहसा बोलत नाही. मी म्हटलं, मी येतोच. मला त्यात तीळभर शंका नव्हती.

सहा महिने भरले त्या दिवशी मी नवा शर्ट घालून बँकेत गेलो. शिक्का मारलेलं स्टेटमेंट काउंटरवर हातात घेतलं आणि तिथंच उभ्यानं वाचलं. पाचव्या महिन्यात रक्कम जवळजवळ सगळी बाहेर गेलेली होती. खाली तीन-चार दिवसांनी तेवढीच परत आलेली. मी काउंटरवाल्या बाईंना म्हटलं, मॅडम, बँकेची काहीतरी चूक आहे. त्यांनी चेक काढून दाखवला. सही माझीच होती.

आता हे बाहेरच्याला समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात सही करून ठेवलेले कोरे चेक गल्ल्यात असतातच. मी मालासाठी नागपूरला गेलो आणि मागे कंपनीचा माणूस आला, तर वडील आकडा भरून देतात. दुकानाचं चेकबुक आणि घरचं चेकबुक एकाच गल्ल्यात, एकाच रबरानं बांधलेली. कृषी केंद्र सुरू झालं तेव्हापासून असंच आहे आणि सौंसरच्या कोणत्याही दुकानात जा, असंच दिसेल. बापावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं ना, नाहीतर.

मी दुकानात आलो. वडील एका गिऱ्हाइकाला फवारणीचा पंप दाखवून राहिले होते. मी स्टेटमेंट समोर ठेवलं. 'बाबा, हे काय?'

त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. 'थे होय. थे इवायाले दिल्ते. आले ना परत?'

इवाई म्हणजे व्याही, माझे सासरे. झालं असं होतं की माझ्या साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, पेट्रोल पंपासाठी अर्ज केला होता. पांढुर्णा जिल्हा झाला, आता गाड्या वाढतील, पंप वाढतील, असं त्याचं गणित. अर्जाच्या तारखेला खात्यात ठरावीक रक्कम दाखवावी लागते. म्हणून मी नागपूरला गेलेलो असताना सासरे सौंसरला आले, चहा घेतला, बऱ्याच वेळानं विषय काढला आणि म्हणाले, 'फक्त दाखवाले पाहिजे.'

'मले फोन करून विचारायचं होतं,' मी म्हटलं.

'तू नाई म्हटलं असतं.'

'नाहीच म्हटलं असतं.'

'मंग? इवाई पहिल्यांदा आपल्या दारात काही मांगाले आला. पोट्टी देल्ली त्यानं आपल्याले. मी त्याले नाई म्हनू? तोंड दाखवाले जागा राह्यली असती काय?' वडिलांना खरोखर कळत नव्हतं मी का ओरडून राहिलो. 'अन् खर्च कुठं झाले? दाखवले फक्त. तुयेही दाखवाचेच हायेत, त्याचेही दाखवाचेच होते. एक रुपया कमी आला काय? उलट संत्रा बर्फीचा डबा संगं आणला त्यानं.'

तो डबा मला माहीत होता. मी त्यातल्या दोन वड्या खाल्ल्या होत्या.

मला वडिलांचा आजवर राग आला नव्हता असं नाही, पण त्या दिवशीसारखा कधी आला नव्हता. काउंटरवरची पाकिटं मी उचलून भिंतीवर मारली. भेंडीचं बी दुकानभर सांडलं. गिऱ्हाईक म्हणालं, मी मंग येतो, आणि निघून गेलं. वडील खाली बसून बी गोळा करायला लागले, तेव्हा मला अजूनच राग आला, कारण आता ओरडताही येईना.

बायकोला सांगणं टाळता येण्यासारखं नव्हतं. ती स्टेटमेंटची वाट पाहून राहिली होती. मी सगळं एका दमात सांगितलं.

'कोणाले दिले?' तिनं विचारलं.

'तुझ्या बाबांना.'

'कायले?'

'दाखवायला.'

ती हसली. ते हसणं मला आजही आठवलं की नको वाटतं. 'म्हणजे माझ्या सासऱ्यानं माझ्या बापाले दाखवाले दिले. दोघांचा मान राह्यला. अन् मले दाखवाले काही उरलं नाई.'

'परत मोजू,' मी म्हटलं. 'परत सहा महिने.'

'ते मोजून होते का पाहू,' ती म्हणाली, 'माझे नऊ महिने त्याच्या आधी भरून राहिले.' तिनं फोन ठेवला आणि दोन दिवस उचलला नाही. तिच्या बापाचा तर महिनाभर.

सासऱ्यांना कळलं तेव्हा ते पहिल्या बसनं सौंसरला आले. हेडमास्तरांना कोणतीही गोष्ट अर्जानं सुटते असं वाटतं. त्यांनी रात्रभर बसून इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं होतं. त्यात असं होतं की सदरहू रक्कम अत्यंत निकटच्या नात्यात, पूर्ण सुरक्षित अवस्थेत, केवळ काही दिवसांसाठी होती, आणि दोन्ही कुटुंबांचे संबंध सलोख्याचे आहेत. वडिलांचं म्हणणं पडलं की त्यावर सरपंचाचा शिक्का घ्यावा. मग आम्ही तिघं ते पत्र घेऊन नागपूरला व्हिसाची कामं करणाऱ्या वकिलाकडे गेलो.

वकिलानं पत्र पूर्ण वाचलं, हे मला आवडलं. मग तो म्हणाला, 'काका, इंग्रजी फार छान आहे. पण त्यांना इवाई समजत नाही.'

'समजावून सांगा ना मंग,' वडील म्हणाले.

'त्यांना तारीख समजते आणि आकडा समजतो.'

'अहो, पोरगी माझी हाये,' सासरे म्हणाले. 'मी माझ्याच पोरीचे पैसे बुडवीन काय?'

'बुडवले नाही हो काका. हलवले. तेवढंच पुरतं.'

नुसतं पाहुणा म्हणून जाता येईल का, असं मी विचारलं, तर बायको तिकडे असलेला नवरा परत येईल यावर ते विश्वास ठेवत नाहीत, असंही त्यानं सांगितलं. परतीला रस्त्यात एका टपरीवर चहाला थांबलो. तिथं पैसे कोण देणार यावरून दोघांची ओढाताण सुरू झाली. 'नाई नाई, इवाई, मी देतो.' 'अहो असं कसं, तुमी आमच्याकडचे.' एकमेकांचे हात धरून, खिशात हात घालू न देता. चहावाला दोघांकडे पाहत राहिला. याच मानापानात बायकोच्या बाळंतपणाला माझं जाणं बुडालं होतं आणि हे दोघं अजून त्यातून बाहेर आले नव्हते. मी गाडीत जाऊन बसलो आणि हॉर्न वाजवला.

पेट्रोल पंप साळ्याला मिळाला नाहीच. सोडतीत भलत्याच कोणाचं नाव निघालं.

बाळ जूनच्या सुरुवातीला झालं, कापसाच्या बियाण्याच्या गर्दीत. बायको पिशवी घेऊन एकटी टॅक्सीनं दवाखान्यात गेली. तिच्याबरोबर काम करणारी एक बाई ड्यूटी संपल्यावर तिथं पोचली, तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. हात कोणी धरला, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. फोटो आला तेव्हा मी काउंटरवर होतो. मुलगी. समोरच्या शेतकऱ्याला मी फोन दाखवला. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं, म्हणाला, 'गोरी हाये बाप्पा,' आणि बियाण्याची पाकिटं मोजायला लागला. मी पाठ फिरवून मागच्या खोलीत गेलो आणि पोत्याला डोकं टेकून रडलो.

बारसं करायचं दोन्ही घरांनी ठरवलं. बाळ इंग्लंडमध्ये, म्हणून काय झालं, पहिलं नातवंड आहे, लोक काय म्हणतील. पांढुर्ण्याला सासऱ्यांच्या घरी मांडव टाकला. अंगणात पाळणा बांधला, त्याला झेंडूच्या माळा, वर फिरतं खेळणं. पाळण्यात नवी दुपटी अंथरली, उशी ठेवली आणि उशीला टेकवून माझा मोबाइल उभा केला. पलीकडे बायको, मांडीवर पोरगी. तिच्या पोटाचे टाके अजून दुखत होते, ते तिच्या बसण्यावरून कळत होतं. बायका आळीपाळीनं पाळण्यात डोकावून जायच्या आणि फोनला ओवाळून जायच्या. एकीनं स्क्रीनला कुंकू लावलं. ते मी पुसलं. वडील आणि सासरे नवे कपडे घालून पाळण्याच्या दोन बाजूंना उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगून राहिले होते की जवाईबापूंचा अर्ज आता जाणारच आहे.

नाव ठेवायच्या वेळी माझी बहीण, म्हणजे पोरीची आत्या, पाळण्यात वाकली. फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिनं नाव घेतलं आणि मोठ्यानं 'कुर्रर्र' केलं. मागून सगळ्या बायका ओरडल्या. पलीकडे पोरगी दचकली आणि तिनं जो टाहो फोडला, तो अंगणभर ऐकू आला. सगळे हसले. बायकोनं तिला सावरायला दोन्ही हात घातले, फोन पलंगावर पडला आणि स्क्रीनवर नुसतं पांढरं छत दिसायला लागलं. 'थांबा, भुकेली हाये, दूध गरम करून आणतो,' असा तिचा आवाज आला. मग पावलांचा, अगदी सावकाश चालल्याचा. मग तोही गेला.

पलंगावर ठेवलेली पोरगी रडत राहिली. पाळण्याभोवती पन्नास-साठ माणसं, काका, मावश्या, शेजारी, आणि आम्ही सगळे वाकून त्या छताकडे पाहत होतो. हसणं हळूहळू थांबलं. रडणं वाढत गेलं, मध्येच श्वास अडकून राहायचा आणि परत सुरू व्हायचं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

'कोणी उचलून काऊन नाई राहिलं तिले?' वडील म्हणाले.

'तिथं कोण आहे उचलायला, बाबा?' मी म्हटलं.

सासऱ्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. वडिलांनी दुसऱ्या बाजूनं पाळण्याला हात लावला. आणि दोघं मिळून तो फोन हळूहळू झुलवायला लागले.